मतदारसंघाची शीव

शेताची शीव डोळ्यांना दिसते. तेथें बांध असतो, बांधावर एखादी बाभूळ किंवा निंब उभा असतो, आणि तंटा पेटलाच तर मोजणीदार येऊन हद्दीचा दगड मूळचा कोठें होता तें कागदावरून काढून देतो. गांवाची शीवहि ओढ्यावरून किंवा टेकडीवरून ओळखूं येते. मतदारसंघाची शीव मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. तिच्यावर दगड नाहीं, बांध नाहीं आणि नाकाहि नाहीं. नगर शहरांतून निघून एखादा मनुष्य दक्षिणेस वाळकीला गेला तर तो श्रीगोंदें मतदारसंघांत शिरतो. ईशान्येस जेऊरला गेला तर राहुरी मतदारसंघांत शिरतो. पश्चिमेकडील कांहीं गांवीं गेला तर पारनेर मतदारसंघांत पोहोंचतो. तालुका मात्र तिन्ही ठिकाणीं एकच, नगर. तहसील कचेरी एक, पंचायत समिति एक, बाजारपेठ एक. परंतु विधानसभेंत बोलणारा प्रतिनिधि प्रत्येक बाजूस निराळा. ही अदृश्य रेघ कोण आखतो, कोणत्या नियमानें आखतो आणि ती सरकली म्हणजे सामान्य गृहस्थाचें काय येतें किंवा जातें, हें समजून घेण्यासारखें आहे.

रेघ आखण्याचें मूळ कारण अगदीं साधें आहे. प्रत्येक मताचें मोल सारखें असावें, हें लोकशाहीचें पहिलें कलम होय. परंतु माणसें एका जागीं खिळून राहत नाहींत. कोठें कालवा येतो, कोठें गिरणी निघते, कोठें दुष्काळ पडतो, आणि वस्ती एका बाजूनें ओसरून दुसऱ्या बाजूस साचते. रेघा जुन्याच राहिल्या तर थोड्या लोकांच्या हातीं एक जागा आणि पुष्कळ लोकांच्या हातींहि एकच जागा, असा विपरीत प्रकार घडतो. इंग्लंडांत १८३२ च्या सुधारणेपूर्वीं ह्याचा कळस झाला होता. ओल्ड सॅरम नांवाच्या उजाड टेकडीच्या नांवानें पार्लमेंटांत दोन सभासद जात असत, आणि गिरण्यांनीं गजबजलेल्या मँचेस्टर शहरास स्वतःचा एकहि सभासद नव्हता. लोक केव्हांच निघून गेले, पण जागा मात्र टेकडीवर तशीच बसून राहिली.

हिंदुस्थानांत हा प्रश्न प्रौढ मताधिकाराबरोबर खऱ्या अर्थानें उभा राहिला. १९३५ च्या कायद्याखालीं १९३७ सालीं मुंबई प्रांताची जी १७५ जागांची विधानसभा निवडली गेली, तिचे मतदारसंघ धर्म, वर्ग व हितसंबंध पाहून पाडलेले होते आणि मताचा अधिकार थोड्यांनाच होता. त्याच विधानसभेचें अध्यक्षपद पुढें १९४६ पासून १९५२ पर्यंत नगरचे कुंदनमल फिरोदिया ह्यांनीं भूषविलें. स्वातंत्र्यानंतर विभक्त मतदारसंघ गेले आणि प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मत मिळालें. आरंभीं कांहीं मतदारसंघ दोन सभासदांचे असत, व त्यांतील एक जागा अनुसूचित जाती किंवा जमातींसाठीं राखलेली असे. १९६१ च्या कायद्यानें ही पद्धति बंद झाली आणि एक मतदारसंघ, एक सभासद हा नियम सर्वत्र लागू झाला. तेव्हांपासून प्रत्येक राखीव जागा म्हणजे एक संपूर्ण भूप्रदेश होय. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील कित्येक तंट्यांचें मूळ तींत आहे.

रेघा आखण्याचें काम सरकार किंवा विधानसभा स्वतः करीत नाहीं. त्यासाठीं संसद कायदा करून परिसीमन आयोग नेमते. असे कायदे १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ सालीं झाले. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति कुलदीप सिंग हे होते. निवडणूक आयोगाचा एक प्रतिनिधि आणि त्या त्या राज्याचा निवडणूक आयुक्त हे त्याचे दुसरे सभासद. प्रत्येक राज्यांतून पांच खासदार व पांच आमदार सहकारी सभासद म्हणून बसतात. त्यांना सल्ला देतां येतो, मत देतां येत नाहीं. ज्याला त्या शेतांत पीक काढावयाचें आहे त्याच्या हातीं मोजणीची साखळी असूं नये, एवढाच ह्या व्यवस्थेचा अर्थ. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १८१२ सालीं ती साखळी पक्षाच्या हातीं गेली. एल्ब्रिज गेरी ह्या गव्हर्नराच्या संमतीनें एक मतदारसंघ असा वेडावांकडा कापला गेला कीं, तो नकाशावर सॅलॅमँडर नांवाच्या सरड्यासारख्या प्राण्याप्रमाणें दिसूं लागला, आणि वर्तमानपत्रानें गव्हर्नराचें नांव त्या प्राण्यास जोडून नवा शब्द बनविला. तो शब्द आजहि तेथील राजकारणांत शिवीसारखा वापरला जातो.

आतां नगर जिल्ह्याचा हिशेब पाहावा. १९७१ च्या जनगणनेंत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटि ४ लाख होती. विधानसभेच्या जागा २८८ ठरल्या. भागाकार केला तर एका जागेस सरासरी पावणेदोन लाख माणसें पडतात. नगर जिल्ह्यांत त्या वेळीं सुमारे २२ लाख ६९ हजार लोक होते. म्हणून जिल्ह्याच्या वांट्यास १३ जागा आल्या. नवलाची गोष्ट अशी कीं, त्याच जनगणनेंत ठाणें जिल्ह्याची वस्तीहि साडेबावीस लाखांच्या किंचित् वर होती आणि त्यासहि १३ च जागा मिळाल्या. दोन जिल्हे एका तराजूंत अगदीं समतोल होते.

पुढें १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें जागांची वांटणी गोठविण्यांत आली. ज्या राज्यांनीं कुटुंबनियोजन मनावर घेतलें त्यांना कमी जागांची शिक्षा होऊं नये, हा त्या मागचा हेतु होता. परंतु राज्याराज्यांतील न्यायासाठीं केलेल्या ह्या गोष्टीनें जिल्ह्याजिल्ह्यांतील अन्यायहि गोठवून ठेवला. पंचवीस वर्षांत कारखाने, लोकलगाड्या व चाळी ह्यांच्या ओढीनें अविभक्त ठाणें जिल्हा ८१ लाखांवर गेला. त्यांत नगर जिल्ह्यांतून पोटासाठीं गेलेलीं कुटुंबेंहि होतीं. नगर जिल्हा २००१ सालीं ४० लाख ४० हजारांवर आला. जागा दोन्हींकडे तेराच. म्हणजे ठाण्यास एका आमदारामागें सव्वासहा लाख माणसें आणि नगरास तीन लाख दहा हजार. कर्जतहून कल्याणला गेलेल्या मनुष्यानें आपलें नांव तिकडच्या यादींत घातलें कीं त्याच्या मताचें मोल निम्म्यावर येत असे, आणि ह्यांत त्याचा अपराध कांहींच नसे.

२००२ च्या कायद्यानें व २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीनें ही गांठ अर्धवट सुटली. राज्यांच्या एकूण जागा तशाच ठेवून राज्याच्या आंत २००१ च्या जनगणनेप्रमाणें नव्यानें वांटणी करावयाचें ठरलें. महाराष्ट्राची वस्ती ९ कोटि ६८ लाखांवर गेली होती; तिला २८८ नीं भागिलें म्हणजे एका जागेस सुमारे ३ लाख ३६ हजार माणसें येतात. ह्या मापानें नगर जिल्ह्याचा भागाकार बरोबर बारा येतो आणि ठाण्याचा चोवीस. त्याप्रमाणें ठाण्यास अकरा जागा अधिक मिळाल्या आणि नगरची एक जागा गेली. नव्या रचनेचा अंमल फेब्रुवारी २००८ मध्यें सुरू झाला, व २००९ ची लोकसभेची आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत झालेली विधानसभेची निवडणूक ही तिच्याखालील पहिली होय.

जागा एकच गेली, पण रेघा मात्र सर्व जिल्हाभर हालल्या. कारण एक खांब काढला कीं सगळेंच छप्पर नव्यानें तोलावें लागतें. श्रोत्यांनीं जिल्ह्याचा नकाशा मनापुढें आणावा. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा आहे. त्याचे तालुके चौदा. त्यांतील राहाता हा १९९९ सालीं झालेला. चौदा तालुके आणि बारा जागा, म्हणजे तालुक्यास एक आमदार हें गणित मुळांतच जमण्यासारखें नव्हतें. जुन्या रचनेंत नगर-अकोला, संगमनेर, शिर्डी, कोपरगांव, श्रीरामपूर, शेवगांव, राहुरी, पारनेर, नगर उत्तर, नगर दक्षिण, पाथर्डी, श्रीगोंदें आणि कर्जत असे तेरा मतदारसंघ होते. नव्या रचनेंत नगर उत्तर, नगर दक्षिण व पाथर्डी हीं तीन नांवें पुसलीं गेलीं आणि नगर शहर व नेवासें हीं दोन नवीं आलीं. विदर्भांतल्या अकोल्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून नगर-अकोला म्हणविणारा मतदारसंघ अकोलें झाला, आणि कर्जताच्या नांवास जामखेड जोडलें गेलें.

रेघ आखतांना आयोग गांवोगांव फिरून खुणा करीत नाहीं. त्याच्या विटा ठरलेल्या असतात: तालुका, तो फोडावा लागला तर महसूल मंडळ, आणि तेंहि फोडावें लागलें तर तलाठ्याचा सजा. प्रदेश शक्यतों सलग असावा, डोंगर-नद्या पाहाव्या, दळणवळणाची सोय व लोकांची सुविधा पाहावी, असें कायदा सांगतो. परंतु लोकसंख्येचें माप जुळवावयाचें म्हटलें कीं ह्या सर्व चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. नेवाशाची वस्ती मापास जुळली, म्हणून सबंध तालुक्याचा एक मतदारसंघ झाला. कर्जत आणि जामखेड हे दोन दुष्काळी तालुके मिळून एक माप भरलें. उलट संगमनेर तालुका मापाहून मोठा, म्हणून त्याचे तीन भाग झाले: मधला संगमनेर मतदारसंघांत, दक्षिणेकडील पठारभाग अकोल्यांत आणि पूर्वेकडील आश्वीचा भाग शिर्डींत. राहात्यांतील पुणतांबें कोपरगांवास जोडलें गेलें, आणि राहुरींतील देवळाली प्रवरा श्रीरामपुरास.

अशा रीतीनें राहुरीची उत्तर बाजू कमी झाली, ती भरून काढण्यासाठीं राहुरीस दक्षिणेस व पूर्वेस सरकावें लागलें. नगर तालुक्याचा एक लचका आणि पाथर्डी तालुक्यांतील मिरी, तिसगांव, करंजी हा भाग तिच्या पदरांत पडला. करंजीच्या मतदारास सरळ हमरस्त्यानें राहुरीस जावयाचें तर वाटेंत नगर शहर ओलांडावें लागतें, म्हणजे एका मतदारसंघांतून निघून दुसऱ्यांतून जाऊन पुन्हा पहिल्यांत यावें लागतें! उरलेली पाथर्डी शेवगांवास जोडली गेली. पाथर्डी हें तालुक्याचें गांव, स्वतःच्या नांवाचा मतदारसंघ असलेलें. आतां तें शेवगांव मतदारसंघांतील एक मोठें गांव झालें.

सर्वांत कठीण प्रसंग आला तो नगर तालुक्यावर. शहर, त्याची महानगरपालिका आणि भिंगारची छावणी ह्यांचीच वस्ती एक माप भरण्याइतकी झाली. मग शहराभोंवतालचा ग्रामीण भाग कड्यासारखा उरला. कडें एकटें मतदारसंघ होण्याइतकें जाड नव्हतें. म्हणून त्याचे तुकडे पारनेर, राहुरी व श्रीगोंदें ह्यांना वांटून दिले. शहराच्या वेशीवर राहणाऱ्या, रोज शहरांत दूध-भाजी घालणाऱ्या गांवांचा विधानसभेंतील संबंध शहराशीं राहिला नाहीं. ह्यावर दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, एका तालुक्यास तीन आमदार लाभले, हें भाग्यच. तिघांनाहि त्या गांवांची मतें हवीं आहेत, आणि चुरशीच्या लढतींत लहान तुकडाच पारडें फिरवितो. दुसरे म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. येथें तर घरें तीन झालीं. प्रत्येक मतदारसंघांत नगर तालुक्याची गांवें अल्पसंख्य, त्यामुळें उमेदवार मूळ तालुक्यांतला ठरतो आणि तालुक्याच्या पाण्याचा किंवा रस्त्याचा प्रश्न तिघांच्याहि यादींत शेवटीं जातो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु एवढें खरें कीं, ज्या तालुक्याच्या नांवावर सबंध जिल्हा ओळखला गेला, त्याच्या ग्रामीण भागास सबंध तालुक्यासाठीं बोलणारा एक आवाज उरला नाहीं.

राखीव जागांचेंहि तसेंच. अनुसूचित जमातींची जागा त्यांचें प्रमाण जेथें सर्वांत अधिक तेथेंच द्यावी, असा नियम असल्यामुळें ती सह्याद्रीच्या पायथ्याच्या अकोल्यांत स्थिर राहिली. अनुसूचित जातींची वस्ती मात्र गांवोगांव विखुरलेली. म्हणून त्यांच्या जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत पसरून, प्रमाण तुलनेनें अधिक असेल तेथें द्याव्या, असें कायदा सांगतो. ह्या नियमानें कर्जत खुला झाला आणि श्रीरामपूर राखीव झाला. कर्जताहून आरक्षण उठलें तेव्हां तेथील दलित कार्यकर्त्याच्या हातून हक्काची संधि गेली. श्रीरामपुरांतील कार्यकर्त्यास ती प्रथमच लाभली. आणि श्रीरामपुरांत वर्षानुवर्षें मशागत केलेल्या इतर पुढाऱ्यांचें शेत एका कागदानें दुसऱ्याच्या नांवें झालें. संबंध महाराष्ट्रांत अनुसूचित जातींच्या जागा १८ च्या २९ झाल्या व जमातींच्या २२ च्या २५. म्हणजे ज्यांची संख्या वाढली त्यांना वांटाहि वाढवून मिळाला. न्यायाची ही बाजू विसरून चालणार नाहीं.

लोकसभेच्या बाबतींत बारा ह्या आंकड्यानें सोय केली. महाराष्ट्रांत प्रत्येक लोकसभा मतदारसंघांत सहा विधानसभा मतदारसंघ असतात. बाराचे सहा-सहाचे दोन सरळ भाग पडले. प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावर उसानें हिरवा झालेला उत्तर भाग शिर्डी ह्या नांवानें एक झाला आणि दक्षिणेकडील कोरडा भाग नगर ह्या नांवानें दुसरा. १९७१ सालीं बाळासाहेब विखे पाटील ज्या कोपरगांव मतदारसंघांतून लोकसभेवर गेले, तो नाहींसा होऊन त्याच्या जागीं शिर्डी आला, व तोहि अनुसूचित जातींसाठीं राखीव झाला. २००९ च्या तेथील पहिल्याच लढतींत रामदास आठवले ह्यांच्यासारखा सर्व देशास परिचित पुढारी पराभूत झाला आणि भाऊसाहेब वाकचौरे निवडून आले. रेघ राखीव करणें कागदावर होतें, मतदाराचें मन कागदावर आखतां येत नाहीं, हें त्या निकालानें दाखविलें.

अशा निर्णयावर दाद कोठें मागावी? आयोग आपल्या सूचना प्रथम छापतो, हरकती मागवितो, जाहीर बैठका घेऊन लोकांचें म्हणणें ऐकतो. परंतु एकदां अंतिम आदेश राजपत्रांत आला कीं तो कायद्याइतकाच पक्का होतो. घटनेचें ३२९ वें कलम अशा कायद्याच्या वैधतेस न्यायालयांत आव्हान देण्यास मनाई करतें. उज्जैनचा मतदारसंघ राखीव झाल्याबद्दल मेघराज कोठारी ह्यांनीं केलेल्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं हीच गोष्ट स्पष्ट केली; नाहीं तर प्रत्येक रेघेवर खटला होऊन निवडणुकाच थांबतील, असा त्यामागील विचार. २०२४ सालीं मात्र गुजरातेंतील बारडोलीच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें म्हटलें कीं, आदेश उघड उघड मनमानीचा व घटनेच्या मूल्यांशीं विसंगत असेल, तर न्यायालयाचें दार सर्वस्वीं बंद नाहीं. तथापि सामान्य नागरिकाची खरी वेळ म्हणजे हरकतींची वेळ होय.

दुसरीकडे ही अडचण निराळ्या रीतीनें सोडविण्याचे प्रयत्न होत आहेत. वेल्सच्या विधिमंडळास तिकडे सेनेद म्हणतात. १९९९ सालीं तें ६० सभासदांचें होतें. २०२४ च्या कायद्यानें ती संख्या ९६ करण्यांत आली, आणि ब्रिटिश पार्लमेंटाचे वेल्समधील ३२ मतदारसंघ दोन-दोन जोडून १६ मोठे मतदारसंघ करावयाचे ठरलें. २०२६ च्या मे महिन्यांतील निवडणुकीपासून प्रत्येकानें सहा सभासद पाठवावे आणि पक्षांना मतांच्या प्रमाणांत जागा मिळाव्या, अशी ही योजना. मोठ्या मतदारसंघांत गांवें फोडावीं लागत नाहींत आणि एका मताधिक्यानें सर्व कांहीं एकाच्याच पदरांत पडत नाहीं, हा तिचा गुण. तर आपला आमदार कोण हें मतदारास बोट दाखवून सांगतां येत नाहीं, हा तिचा दोष. नगर तालुक्याच्या तक्रारीस हें एक उत्तर होऊं शकेल, पण त्याची किंमतहि लहान नाहीं.

आतां पुढील वेळेचा विचार. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीनें जागांचा आंकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत स्थिर केला, आणि नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ही जाहीर झाली. येथें नगरकरांनीं एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावें. २००१ ची शिरगणति ९ ते २८ फेब्रुवारी ह्या दिवसांत झाली. पाथर्डी-शेवगांवच्या डोंगराळ भागांतील हजारों ऊसतोडणी मजूर त्या महिन्यांत कोयता घेऊन कारखान्यांच्या अड्ड्यांवर असतात. दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. जनगणनेचा नियम असा कीं, मोजणीच्या सबंध काळांत जो घरीं नसेल तो जेथें सांपडेल तेथें मोजावा. म्हणजे कोप्यांत राहणारा मजूर मोजला जातो खरा, पण आपल्या गांवाच्या खात्यावर नव्हे. मत देण्यास तो पाथर्डीचा, आणि जागा ठरविण्यास मात्र परक्या जिल्ह्याचा! ज्या तालुक्याचें नांव मतदारसंघांच्या यादींतून गेलें, त्याच तालुक्यांतील लोक मोजणीच्या महिन्यांत घराबाहेर असतात, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. रेघ नुसत्या नकाशावर आखली जात नाहीं. मोजणीचा महिना ठरतो तेव्हांच तिचा पहिला ठिपका पडतो.

जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. त्याच वर्षीं झालेल्या विधानसभेच्या निवडणुकींत शहराचा मतदारसंघ मात्र अहमदनगर शहर ह्याच नांवानें लढला गेला. नांवाबद्दल लोक हिरीरीनें बोलतात, आणि तें योग्यच आहे. परंतु नांवाखालील रेघेबद्दल बोलणारे थोडे. बांध हातभर सरकला तर शेतकरी रात्रभर झोपत नाहीं. गांवचें गांव दुसऱ्या मतदारसंघांत जातें तेव्हां कित्येकांना तें मतदानाच्या दिवशीं उमेदवारांचीं नांवें वाचतांना कळतें. पुढील आयोगाचा मसुदा छापून येईल तेव्हां घरांतील कोणी तरी तो नकाशा उघडून आपलें मंडळ, आपला सजा आणि आपला रस्ता कोणत्या बाजूस पडतो, हें पाहावें, आणि हरकत असेल तर मुदतींत लिहून पाठवावी. ही शीव जमिनीवर दिसत नाहीं; म्हणूनच ती कागदावर असतांना पाहून घ्यावी लागते.